हिरड्यांवरची मरुदाणी

आडी या तमिळ महिन्यात, म्हणजे आषाढाच्या सुमारास, आमच्या घरी मरुदाणी वाटतात. मरुदाणी म्हणजे मेंदीच, पण कोनातली नाही. ताजा पाला पाट्यावर वाटायचा, त्याचा गोळा तळहातावर थापायचा आणि बोटांच्या टोकांना टोप्या घालायच्या. नक्षी वगैरे काही नाही. सासूबाई हे काम दरवर्षी स्वतः करतात, दुसऱ्या कोणाला पाट्याला हात लावू देत नाहीत.

मी मूळची साताऱ्याची. लग्न करून इकडे तमिळ मुलखात, मैलापुरात आले त्याला वीसेक वर्षं झाली. सासरची माणसं तंजावरकडची मराठी. त्यांची मराठी माझ्या मराठीपेक्षा जुनी, आणि तिच्यात तमिळ मुरलेली. सासऱ्यांना मामंजी म्हणायचं आणि सासूबाईंना आत्याबाई, हे मला पहिल्याच दिवशी सांगितलं गेलं. त्याप्रमाणे मी आजवर म्हणत आले.

त्या वर्षी माझ्या हातावर मरुदाणी फार टिकली. बोटांवरचा रंग नेहमीसारखा महिन्याभरात उतरला, नखांवरचा वर सरकत गेला, पण तळहातावरच्या रेषा राहिल्या. तपकिरी, पेनाने गिरवल्यासारख्या. आत्याबाईंना त्याचा अभिमान वाटू लागला. दाराशी कोणी बाई आली की मला स्वयंपाकघरातून बोलावणं यायचं.

"हात दाखव गे हिला."

मी हात दाखवायचे.

"काय घालता त्यात, मामी?" शेजारीण विचारायची.

"काय घालणार? चिंच, चिमूटभर सुपारी. बाकीचं हिच्या नवऱ्याकडे." मरुदाणी जितकी गडद तितकं नवऱ्याचं प्रेम जास्त, हा हिशेब इथेही आहे.

आतून माझा नवरा म्हणाला, "मग मागच्या वर्षी मी कुठे गेलो होतो?"

शेजारणीने पाला मागून नेला. तिच्या हातावर तो महिनाभरही टिकला नाही. आत्याबाईंनी त्याचा दोष तिच्या पाट्याला दिला.

त्याच सुमारास माझं आणखीही बरंच काही चालू होतं, पण त्याचा मरुदाणीशी संबंध असेल असं कोणाच्या मनात यायचं कारण नव्हतं. मी तरमणीला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीच्या कार्यालयात नियोजनाचं काम करते. कोणता भाग कोणत्या कारखान्यात कधी पोचला पाहिजे, हे ठरवायचं आणि पोचला नाही तर का, हे समोरच्या रकान्यात लिहायचं. घरच्या गोष्टींचंही मी तसंच करते. थकवा: वय. वजन उतरलं: संध्याकाळचं चालणं. उभं राहताना भोवळ: दुपारचं जेवण उशिरा. चेहरा काळवंडला, याचं कारण साताऱ्याहून आईने फोनवर परस्पर देऊन टाकलं होतं. "तिथलं ऊन. छत्री का घेत नाहीस?" प्रत्येक तक्रारीला आपापलं कारण मिळालेलं होतं आणि प्रत्येक कारण पटण्यासारखं होतं. कार्यालयात चार भाग एकाच दिवशी उशिरा आले तर आम्ही आधी विचारतो की चारही एकाच ट्रकमध्ये होते का. इथे तो प्रश्न कोणाला सुचला नाही.

मिठाला तर कारणही शोधलं नव्हतं. आमच्याकडे उन्हाळ्यात बोटाच्या पेराएवढ्या कैऱ्या मिठाच्या पाण्यात मुरवून ठेवतात. मी कैरी बाजूला सारून ते पाणीच वाटीत घेऊन प्यायला लागले होते.

"या वयात डोहाळे?" आत्याबाई म्हणाल्या.

"बरणी वर ठेव," मामंजी म्हणाले, "नाहीतर कैऱ्या कोरड्या पडतील."

मामंजींबद्दल इथे सांगायला हवं. ते बँकेत कारकून होते, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. घरात सगळ्यांत आधी ते उठतात, त्यांच्यामागून मी. डिकॉक्शन ते करतात, दूध मी तापवते, आणि बाकीचे उठेपर्यंत आम्ही दोघं जेवणाच्या टेबलावर समोरासमोर बसून कॉफी पितो. ते पेपरचं मागचं पान वाचतात, मी पुढचं. बोलणं फार होत नाही. काही वर्षांपूर्वी त्यांना फुप्फुसाचा टीबी झाला होता. औषधं त्यांनी एक दिवसही न चुकवता पूर्ण केली आणि ते बरे झाले. ते महिने त्यांनी गॅलरीत वेगळं ताट घेऊन काढले होते. डॉक्टरांनी ताट वेगळं करायची गरज नाही म्हणून सांगितलं, तरी. मग एक दिवस आत्याबाईंनी ते ताट भांडीवालीला देऊन टाकलं आणि तो विषय संपला.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी माझी थायरॉइडची तपासणी केली. थायरॉइडची गोळी मी पूर्वीपासून घेते. आकडा किंचित सरकला होता, त्यांनी गोळी वाढवली. त्यानंतर प्रकृती झपाट्याने उतरली. उलट्या सुरू झाल्या. मैलापूरहून तरमणीला जायला मी उडत्या रेल्वेने जाते. पुलावरून धावते म्हणून तिला इथे तसंच म्हणतात, आणि तिच्या स्टेशनला जिने फार आहेत. एका सकाळी त्यातल्या एका जिन्यावर मी बसले ती उठू शकले नाही. बसल्या बसल्या आधी कार्यालयात कळवलं आणि मग नवऱ्याला फोन केला.

एग्मोरकडच्या एका रुग्णालयात मला दाखल केलं. रक्तदाब फार खाली, रक्तातलं सोडियम कमी, पोटॅशियम जास्त. सलाईन लावल्यावर जरा हुशारी आली. दुसऱ्या दिवशी सकाळी संप्रेरकांच्या तज्ज्ञ डॉक्टरबाई आल्या. वयाने माझ्याएवढ्याच असतील. त्यांनी नाडी बघायला हात धरला आणि उलटा केला.

"मरुदाणी?"

"हो," मी म्हटलं.

"आडीतली आहे," आत्याबाई खुर्चीतून म्हणाल्या. "आमच्या घरचा पाला. अजून तशीच आहे, पाहा."

डॉक्टरबाईंनी नखांकडे पाहिलं. नखांवरचा रंग टोकाकडे सरकला होता, मुळाशी नख कोरं होतं. आडी जाऊन पुढच्या महिन्याची आवणीही संपत आली होती. त्यांनी बोटांची पेरं पाहिली, कोपर पाहिलं, मग म्हणाल्या, "तोंड उघडा." खालचा ओठ बोटाने ओढून त्यांनी आत टॉर्च मारला. आत काळसर डाग होते. मला ते माहीत नव्हतं. रोज दात घासताना हिरड्यांकडे कोण बघतं?

"मरुदाणी हिरड्यांनाही लावता का तुमच्याकडे?" त्यांनी विचारलं.

आत्याबाई खुर्चीतून उठून माझ्या तोंडात डोकावल्या. खोलीत त्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यांनाच कळलेलं होतं.

मूत्रपिंडांच्या डोक्यावर दोन लहान ग्रंथी असतात, अ‍ॅड्रिनल नावाच्या. त्या जी संप्रेरकं बनवतात त्यांतल्या कॉर्टिसॉलवर माणूस उभा असतो, आणि दुसऱ्या एकामुळे शरीरात मीठ टिकतं. ग्रंथी काम करेनाशा झाल्या की मेंदू त्यांना वारंवार आज्ञा पाठवत राहतो, आणि त्या आज्ञेच्या अतिरेकाने कातडी काळवंडते. ऊन लागत नाही अशा ठिकाणीही. भोवळ, उलट्या, वजन, मिठाचं पाणी, रेषा, सगळं एकाच ट्रकमध्ये होतं. थायरॉइडची वाढवलेली गोळी थोडंफार उरलेलं कॉर्टिसॉलही संपवत होती.

हे त्यांनी मला अंदाज म्हणून सांगितलं आणि मग सिद्ध केलं. सकाळचं रक्त घेतलं. ग्रंथीला जागं करणारं इंजेक्शन देऊन पुन्हा रक्त घेतलं. ग्रंथी जागी झाली नाही. निकालाची वाट न बघता हायड्रोकॉर्टिसोन मात्र त्याच दिवशी सुरू झालं होतं. दुसऱ्या सकाळी मला भूक लागली. कित्येक महिन्यांनी लागलेली भूक, आणि इडलीची, मिठाची नव्हे.

मला वाटलं, निदान झालं. डॉक्टरबाई म्हणाल्या, अर्धं झालं. ग्रंथी बंद का पडल्या, हे राहिलं आहे.

"घरात कधी कोणाला टीबी झाला होता?"

मामंजी पलंगाच्या पायथ्याशी कॉफीचा फ्लास्क घेऊन उभे होते. "मला," ते म्हणाले.

डॉक्टरबाईंनी दोन शक्यता सांगितल्या. टीबीचा जंतू फुप्फुसातून निघून या ग्रंथींत जाऊन बसू शकतो, वर्षानुवर्षं गप्प राहतो आणि हळूहळू त्यांना संपवतो. आपल्याकडे हा विचार आधी करावा लागतो. दुसरी शक्यता अशी की शरीराची संरक्षण यंत्रणा स्वतःच्याच ग्रंथींना परकं समजून त्यांच्यावर हल्ला करते. रोजच्या गोळ्या दोन्हींत त्याच. पण टीबी असेल तर त्याचं लांबलचक औषध द्यायलाच हवं, आणि त्यातलं एक मुख्य औषध शरीरातलं स्टेरॉइड लवकर संपवतं, म्हणून सगळं पुन्हा जुळवावं लागतं. "नुसत्या संशयावर मी ते सुरू करणार नाही," त्या म्हणाल्या, "आणि असेल तर सोडणारही नाही." ग्रंथींविरुद्धची प्रतिपिंडं रक्तात आहेत का, याची एक तपासणी होती. नमुना गावाबाहेरच्या प्रयोगशाळेत जाणार होता. निकालाला काही आठवडे.

मी घरी आले तेव्हा आवणी संपून पुरट्टासीचा उकाडा सुरू झाला होता. कपाट लावलं, गोळ्यांचे डबे वारांप्रमाणे भरले, ताप आला तर मात्रा दुप्पट करायची हे फ्रिजवर लावलं. जेवायला बसताना पाहिलं तर टेबलावर तीनच ताटं होती. मामंजी गॅलरीत बसले होते, स्टुलावर ताट ठेवून.

"मामंजी, आत या."

"इथे बरं आहे. वारा लागतो."

"वारा!" आत्याबाई म्हणाल्या. "पुरट्टासीत! मैलापुरात! समुद्र काय आमच्या गॅलरीत आला आहे?"

ते आत आले नाहीत. सकाळी डिकॉक्शन करून ठेवलेलं असायचं, त्यांचा पेला घेऊन ते आधीच गॅलरीत गेलेले असायचे. पेल्याच्या कडेखाली त्यांनी लाल दोरा बांधला होता, म्हणजे बाकीच्या पेल्यांत मिसळू नये. या घरात सगळे पेल्याला ओठ न लावता वरून पितात. मला ते कधीच जमलं नाही, कॉफी नाकात जाते. तेव्हा मिसळलाच तर धोका कोणाला, हे त्यांच्या मते उघड होतं.

मी त्यांच्याजवळ जाऊन स्पष्टच बोलले. "टीबी भांड्यांतून पसरत नाही. तुम्हाला तेव्हाही सांगितलं होतं."

"खोकल्यातून पसरतो," ते म्हणाले. "मी खोकत होतो आणि तू समोर बसून कॉफी पीत होतीस."

"औषध सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत संसर्ग थांबतो."

"औषध सुरू होण्याच्या आधी?"

आधी ते दोन-अडीच महिने साधा खोकला म्हणून खोकत होते. टेबलावर, माझ्यासमोर. मी पेपर उचलला आणि आत आले.

त्यानंतरचे पुरावे त्यांच्याच बाजूने येत गेले. हातावर टीबीची चाचणी केली होती, तिथे चांगली मोठी गाठ उठली. छातीचा फोटो स्वच्छ होता. पोटाच्या स्कॅनमध्ये ग्रंथी लहान दिसल्या. टीबीत त्या बहुधा सुजलेल्या असतात, पण फार जुना टीबी असेल तर त्याही आक्रसतात, असं म्हणून अहवाल मोकळा झाला होता. मग माझ्या नवऱ्याला राहवेना. तो संगणकावर काम करणारा माणूस, वाट बघणं त्याला येत नाही. त्याने एका प्रयोगशाळेचं स्वप्रतिकार आजारांचं पॅकेज शोधून काढलं, माणूस घरी बोलावून माझं रक्त दिलं. दोन दिवसांत निकाल आला: काही सापडलं नाही. तो कागद त्याने टेबलावर ठेवला आणि अंघोळीला गेला. मामंजींनी तो उभ्यानेच वाचला. त्या दिवसापासून ते ताटही स्वतः विसळू लागले.

"एका घरात दोन स्वैपाकघरं चालवायला मला सांगूं नका," आत्याबाई म्हणाल्या. "एकदा तुमचं ताट देऊन टाकलं आहे. आता तुम्हालाच देऊन टाकीन."

"कोण घेईल?" मामंजी म्हणाले.

डॉक्टरबाईंना तो कागद दाखवला तेव्हा त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. "हे पेशीच्या केंद्रकाविरुद्धच्या प्रतिपिंडांसाठी आहे. संधिवातासारख्या आजारांत बघतात. तुम्ही शेजारच्या घराचं दार वाजवलंत. तिथे कोणी नाही म्हणून इथेही कोणी नाही, असं कसं?" आम्हाला हवी होती ती प्रतिपिंडं ग्रंथीतल्या एका विशिष्ट विकराविरुद्धची, म्हणजे एन्झाइमविरुद्धची, जे कॉर्टिसॉल बनवायच्या कामात लागतो. त्यांची तपासणी वेगळी, आणि ती अजून यायची होती.

नवऱ्याने हे घरी नीट समजावून सांगितलं. मामंजींनी ऐकून घेतलं. "एक कागद नाही म्हणतो आणि दुसरा अजून आलेला नाही. बँकेत आम्ही आलेल्या कागदावर काम करायचो."

मी त्या दिवसांत कामावर परत गेले. गोळ्यांनी मला पुरतं उभं केलं होतं. खरं सांगायचं तर कारण कोणतं निघतं याची मला फारशी धास्ती नव्हती. टीबी निघाला असता तर मी आणखी एक डबा भरला असता. पण सकाळी टेबलावर एकटीने पेपर वाचताना दोन्ही पानं माझ्याचकडे असायची, आणि मागचं पान मी कधीच वाचलेलं नव्हतं.

निकाल आल्याचा फोन आला तेव्हा मी मामंजींना म्हटलं, "तुम्ही चला बरोबर."

"मी कशाला?"

"फ्लास्क धरायला."

ते आले. डॉक्टरबाईंनी कागद टेबलावर आमच्याकडे फिरवून ठेवला. प्रतिपिंडं होती, मर्यादेच्या कितीतरी वर. मामंजींनी चष्मा बदलला. आधी नाव पाहिलं, मग वय, मग रक्त घेतल्याची तारीख, आणि मग आकडा. मर्यादेचा आकडाही बोट ठेवून वाचला.

"म्हणजे टीबी नाही?" त्यांनी विचारलं.

"हा आकडा आहे. ग्रंथी लहान आहेत आणि त्यांत जुन्या टीबीसारखे खडे नाहीत. छाती स्वच्छ आहे. थायरॉइडचा आजारही बहुतेक याच जातीचा, हे आजार एकमेकांच्या सोबतीने राहतात. सगळं एका बाजूला आहे. मी टीबीचं औषध देणार नाही."

"पण हातावर गाठ आली होती."

"जंतू कधीतरी भेटून गेला, एवढंच ती गाठ सांगते. तुमचा असेल, रेल्वेतला असेल, कार्यालयातला असेल. या शहरात माझ्याही हातावर येईल."

"माझा असेल," मामंजी म्हणाले.

"असेल. पण हे त्याने केलेलं नाही."

डॉक्टरबाईंनी 'असेल' म्हटलं, ते मला आवडलं. 'नसेल' म्हटलं असतं तर मामंजींनी बाकीचंही मानलं नसतं.

परतताना देवळाच्या तळ्याशी रिक्षा सिग्नलला थांबली तेव्हा मामंजी म्हणाले, "म्हणजे हा आजार तुझा स्वतःचा."

"माझा स्वतःचा."

"बाहेरून आलेला नाही."

"नाही."

"जन्मभर गोळ्या."

"हो."

"सरि," ते म्हणाले. तमिळमध्ये बरं म्हणायला हाच शब्द आहे. मग फ्लास्कच्या झाकणात कॉफी ओतून त्यांनी ती माझ्यापुढे धरली. मी ओठ लावून प्यायले. उरलेली त्यांनी वरून प्यायली आणि झाकण लावलं.

पेल्याचा दोरा त्या संध्याकाळी गेला. गॅलरी मात्र त्यांनी लगेच सोडली नाही. आत येण्यासारखं विशेष काही घडलं आहे असं त्यांना दाखवायचं नसावं. मग ऐप्पसीचा, म्हणजे इथला दिवाळीच्या सुमाराचा पाऊस सुरू झाला, गॅलरीत पाणी येऊ लागलं, आणि एका सकाळी मी दूध घेऊन आले तर ते टेबलावर होते. मागचं पान त्यांच्याकडे, पुढचं माझ्या जागेवर.

"गोळी?" त्यांनी पानावरून मान वर न करता विचारलं.

"घेतली."

हे आता रोजचं आहे. पर्समध्ये माझ्या आजाराचं कार्ड असतं, अडीअडचणीला द्यायचं इंजेक्शन घरात आणि कार्यालयात ठेवलेलं आहे. ते कसं द्यायचं हे तिघांनाही मी लिंबावर शिकवलं. नवऱ्याची सुई वाकली. मामंजींचा हात स्थिर आहे. आत्याबाईंनी लिंबं फुकट गेली म्हणून त्यांचं सरबत केलं, त्यात मीठ जरा जास्त घातलं आणि पहिला पेला मला दिला.

पुढच्या आडीत त्यांनी पुन्हा पाला वाटला. तळहातावरच्या रेषा तोवर बऱ्याच फिक्या झाल्या होत्या, आणि मी दोन्ही हात पुढे केले. रंग छान आला. पण आवणी लागता लागता सगळा उतरला, बोटांवरचा आणि रेषांतलाही.

आत्याबाईंनी माझे दोन्ही हात खिडकीपाशी नेऊन पाहिले. "यंदा पाला बरोबर नाही," त्या म्हणाल्या.

"पाला बरोबर आहे," मामंजी टेबलावरून म्हणाले, आणि त्यांनी पान उलटलं.